तिनं विचारलं होतं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोला सांगीन म्हणता म्हणता ती गेली. मित्रमंडळीत डॉक्टरांचा विषय निघाला की मी काहीतरी काम काढून उठायचो. हकिगत तशी लहानशी आहे. गुलबर्ग्याच्या एका मेडिकल कॉलेजात परीक्षा चालली होती, मी तिथे पेशंट होतो, आणि एका मुलीच्या परीक्षेत मी खोटं बोललो. तिचे सहा महिने गेले, शिवाय न विचारलेली गोष्ट विचारली म्हणून लिहिते, असा लबाडीचा शेरा तिच्यावर बसला. तो शेरा खोटा आहे हे माहीत असलेली माणसं इतकी वर्षं दोनच होती, ती आणि मी. ती बोलणार नाही. म्हणून मी लिहितो.

मी मंठाळचा, कन्नड मुलखातल्या मराठी गावचा. सरकारी मराठी शाळेत मास्तर होतो. नोकरी लागून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा मला क्षय झाला. सोलापूरला जाऊन दीड वर्ष औषधपाणी केलं. सुया टोचून टोचून बसायला जागा उरली नव्हती. गावात आणि शाळेत सांगितलं, दमा आहे. खरं फक्त बायकोला ठाऊक. रोग बरा झाला, पण उजव्या बाजूचं फुप्फुस वरून आकसून गेलं आणि उजवा खांदा थोडा उतरला. लोक म्हणायचे, फळ्यावर लिहून लिहून मास्तरांचा खांदा खाली आला. मी हसायचो.

निवृत्त झाल्यावर एकदा खोकल्यातून रक्त पडलं. घाबरून गुलबर्गा गाठलं. तिथल्या वॉर्डात शिकवणारे एक मोठे डॉक्टर होते. त्यांनी माझ्या गळ्याच्या खाचेत बोट ठेवून श्वासनळी चाचपली, छातीवर टिचक्या मारल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला. रक्त जुन्या जखमेतलं होतं, नवीन काही नव्हतं. पण माझी छाती म्हणजे जणू पुस्तकातलं चित्र होती. श्वासनळी उजवीकडे ओढलेली, एक बाजू कमी फुगणारी, टिचकी मारली तर डावीकडे मोकळा आवाज आणि उजवीकडे भद्द. त्यांनी वीस-पंचवीस पोरं बोलावून मला दाखवलं. मग कन्नडमध्ये म्हणाले की मास्तर, जन्मभर बोलून शिकवलंत, आता आमच्याकडे न बोलता शिकवा.

तेव्हापासून परीक्षा आली की मला निरोप यायचा. सात वर्षं गेलो. गावात सांगायचो, दम्याची तपासणी आहे.

त्या कामाचा मला अभिमान होता, आणि आजही आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर बसायचो. शेजारच्या खाटांवर कुणाची प्लीहा वाढलेली, कुणाच्या हृदयाची झडप नादुरुस्त. आम्हा सगळ्यांना तिथे ‘केस’ म्हणत. चिठ्ठी काढून विद्यार्थ्याला केस मिळायची. तासाभरात त्यानं पेशंटला विचारून, तपासून सगळं लिहायचं, आणि मग परीक्षक येऊन त्याला प्रश्न करायचे.

मास्तरकीची खोड जात नाही. पोरं मला तपासत असायची आणि मी मनातल्या मनात त्यांना मार्क देत असायचो. एकजण आला तो नाव-गाव न विचारता थेट बटणंच काढायला लागला. त्याला मी शंभरात वीस दिले. एकानं पहिलाच प्रश्न विचारला, वडील कशानं मेले. एक मुलगी हिंदीतली पाठ केलेली वाक्यं एका दमात म्हणून गेली आणि माझं उत्तर ऐकायचंच विसरली. पण काही चांगले असायचे. उभं न राहता स्टूल ओढून बसायचे. पडदा सारून घ्यायचे. कुठून आलात, काही खाल्लंत का, एवढं विचारायचे. असा मुलगा समोर बसला की मला आपोआप आठवायचं, खोकला कधीपासून, रात्री घाम येतो का, जिना चढताना कुठल्या पायरीवर थांबावं लागतं. त्यासाठी वेगळी हुशारी लागत नाही. समोरच्याला वाटलं पाहिजे की ह्याला माझं ऐकायचं आहे.

माझा एक नियम होता. विचारलं तर खरं सांगायचं, न विचारलं तर गप्प बसायचं. वॉर्डबॉय पोरांना हळूच रोगाचं नाव सांगायचे, तसं मी कधी केलं नाही. शाळेत कॉपी करू दिली नाही, इथे कशी देऊ? मोठ्या डॉक्टरांना हे ठाऊक होतं. बाहेरगावच्या परीक्षकांना ते सांगायचे, ह्या मास्तरांचा शब्द आमच्या एक्स-रेसारखा. एकदा गुलबर्गा स्टेशनवर एक तरुण डॉक्टर धावत आला, माझ्या पाया पडला आणि माझ्या बायकोला म्हणाला, ह्यांच्या छातीनं मला पास केलं. बिचारी गोंधळून माझ्या छातीकडे बघत राहिली. त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

आता ती मुलगी.

सातव्या वर्षीची परीक्षा. चिठ्ठीत तिला मी आलो. तिनं पडदा सारला, स्टूल ओढलं, आपलं नाव सांगितलं आणि कन्नडमध्ये माझं गाव विचारलं. मी मंठाळ म्हणताच भाषा बदलली.

“मंग तर आपल्याकडचेच की अप्पा. मी निर्ण्याची. चहा-पाणी झालं का, का सकाळपासून बसवूनच ठिवलंय?”

मी म्हणालो, चहा झालाय. तरी तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. स्टेथोस्कोपचा गार तुकडा तळहातात घेऊन चोळत बसली, आणि चोळता चोळताच विचारत होती. खोकला कधी वाढायलाय, कोरडा का ओला, झोप कोणत्या कुशीवर लागते. सात वर्षांत इतकं सहज कुणी विचारलं नव्हतं. पाच-दहा मिनिटांत मी तिला मनातल्या मनात पंच्याण्णव देऊन बसलो.

आमच्या भागात दोन माणसं भेटली की ओळख निघाल्याशिवाय चैन पडत नाही. गाव झालं की घर, घर झालं की मामाचं गाव, मग सोयरीक. ती परीक्षेला बसलेली, घड्याळ चाललेलं, आणि ओळख काढायला सुरुवात केली ती मीच. निर्ण्यात कुणाच्या घरची म्हणून विचारलं. तिनं घर सांगितलं.

माझ्या धाकट्या मुलीची बोलणी त्याच घरात चालली होती. मुलगा हिचा सख्खा चुलत भाऊ. पुढच्या महिन्यात सुपारी फोडायची होती. तिलाही ते लगेच उमगलं.

“म्हंजे आमच्या दादाला लेक देयलाव ते तुमीच व्हय? घ्या, नवरीच्या बापाला तपासायचा मान नवऱ्याच्या बहिणीला.”

ती हसली, मीही हसलो. पण मला मध्यस्थाचे शब्द आठवत होते. आठ दिवसांपूर्वीच त्यानं विचारलं होतं, मास्तर, घरात काही आजारपण? मी सांगितलं होतं, थोडा दमा सोडला तर काही नाही. आमच्याकडे क्षय हा शब्द अजूनही लग्नघरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. बाप बरा होऊन पस्तीस वर्षं लोटली तरी त्याच्या लेकीकडे बघताना लोक खोकला मोजतात.

आणि मग तिचा तो प्रश्न आला. मला ठाऊक होतं की तो येणार. चांगला विद्यार्थी तो विचारतोच.

“अप्पा, पूर्वी कधी टीबी झालता? सा महिने, वर्षभर गोळ्या-इंजेक्शनं घेतल्ती?”

“न्हाई बाई.”

तिनं घरात आणखी कुणाला झाला होता का विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं माझ्या उतरलेल्या खांद्याकडे पाहिलं. मग स्टूल थोडं पुढे घेऊन आवाज खाली केला.

“हे बघा, इथं बोललेलं इथंच राहतंय. कुणाला सांगायची न्हाई. झालता का?”

तिनं हे ज्या पद्धतीनं विचारलं, त्याहून चांगलं विचारणं मला सांगता येणार नाही. दुसऱ्या कुठल्याही गावची असती तर मी सगळं सांगून मोकळा झालो असतो. पण ओळख निघाली होती. मी पुन्हा म्हणालो, न्हाई.

तिनं ते लिहून घेतलं. मग तपासलं, तेही देखणं. टेपनं छातीचं फुगणं मोजलं, गळ्याच्या खाचेत बोट ठेवलं, पाठीवर वरून खाली टिचक्या मारत आली. उजवीकडे वर भद्द वाजलं तेव्हा थांबली, पुन्हा वाजवून बघितलं.

दोघे परीक्षक आले. एक आपले मोठे डॉक्टर, दुसरे बाहेरगावचे. बोलणं इंग्रजीत होतं, पण तेवढं मला कळत होतं. तिनं सांगितलं की रुग्ण पूर्वी क्षय झाल्याचं नाकारतो, तरी त्याची छाती दुसरं सांगते. श्वासनळी ओढलेली आहे, वरचा भाग आकसलेला आहे, म्हणून जुना बरा झालेला क्षय हेच मी पहिलं निदान धरीन. ऐकून माझा ऊर भरून आला. मी खोटं बोललो तरी ही माझ्या हाडांतून खरं काढून बसली होती. त्या क्षणी मी तिचा मास्तर असतो तर वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.

पण बाहेरच्या परीक्षकांनी हातातला कागद बघितला. त्यावर माझा आजार, औषधाचं दीड वर्ष, सगळं लिहिलेलं होतं. ते म्हणाले, हा माणूस सात वर्षं विचारणाऱ्या प्रत्येकाला हे सांगतो, मग तुलाच कसं नाकारलं? विचारलं तरी होतंस का? ती म्हणाली, विचारलं होतं, दोनदा.

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांच्या नजरेत शंका नव्हती. मास्तर आहेत, आत्ता खरं काय ते सांगतील, एवढाच विश्वास होता. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, मास्तर, हिनं तुम्हाला टीबीचं विचारलं का?

आता लपवायला काही उरलं नव्हतं. क्षय कागदावर होता, ह्या मुलीला तो कळलाच होता. विचारलं, मीच लपवलं, एवढं म्हणायचं होतं. पण ज्यांनी माझा शब्द एक्स-रेसारखा मानला, त्यांच्यासमोर मी खोटारडा ठरणार होतो.

मी म्हणालो, “इल्ला.” नाही.

पहिलं खोटं लेकीसाठी होतं, अशी मी माझी समजूत घातली आहे. हे दुसरं फक्त माझ्या इभ्रतीसाठी होतं.

बाहेरच्या परीक्षकांचा आवाज चढला. प्रश्न विसरलीस तर चालेल, म्हणाले, पण न विचारता उत्तर लिहितेस? असली डॉक्टर उद्या काय करेल? तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखादं कठीण गणित कळल्यावर पोरं बघतात तसं तिनं पाहिलं. मग त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, सॉरी सर, माझ्याकडूनच राहिलं असेल. जाताना खाटेच्या कडेला पडलेला माझा सदरा उचलून तिनं माझ्या खांद्यावर टाकला.

ती त्या विषयात नापास झाली.

हे मला सुपारीच्या वेळी निर्ण्यातच कळलं. मी दिवसरात्र धास्तावलो होतो की ती घरी सांगणार आणि सोयरीक मोडणार. बैठकीत तिचे वडील माझ्या शेजारीच बसले. सगळ्यांदेखत लेकीची थट्टा करत म्हणाले, “पेशंटाला विचारायचंच इसरली म्हणं. घरी हजार सवाल करतीय, जेवलाव का, गोळी घेतलाव का. आन परीक्षेत तोंड बंद.” लोक हसले. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तीही हसली आणि म्हणाली, “व्हय, इसरले. पुढच्या टायमाला लिहून न्हेते.” मग माझ्यापुढे पेला धरला. मी तो घेतला. बोलायला तोंडात जीभ होती, समोर तिचे वडील होते, चार वडीलधारे होते. मी पाणी पिऊन पेला परत दिला.

लग्न झालं. तिनं माझ्या छातीबद्दल कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. इथं बोललेलं इथंच राहतंय म्हणाली होती, आणि मी तर काही बोललोही नव्हतो. तरी तिनं शब्द पाळला. लग्नात येऊन माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला, तो माझ्याच कानाला पोकळ लागला.

त्यानंतर मी परीक्षेला गेलो नाही. प्रवास झेपत नाही म्हणून कळवलं. पुढे मोठे डॉक्टर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. सहा महिन्यांनी ती पास झाली हे लेकीकडून कळलं तेव्हा मी देवापुढे नारळ फोडला आणि बायकोला कारण वेगळंच सांगितलं.

ह्या उन्हाळ्यात काही दिवस लेकीकडे निर्ण्याला राहिलो होतो. खोकला वाढला. जावई म्हणाले, मामा, आमची बहीणच सरकारी दवाखान्यात आहे, तिलाच दाखवू. नको म्हणायला कारण सुचेना. मोटारसायकलवर बसून गेलो.

बाहेर बाकावर गर्दी होती. आजूबाजूच्या बायका आपसांत म्हणत होत्या, ह्या म्याडमजवळ उशीर लागतोय, पण समदं ऐकून घेते. एक म्हातारी सांगत होती की सुनेला बाहेर काढून मला एकटीला विचारलं, तवा कुटं मी सांगितलं. नर्सबाईही बोलली की ही म्याडमची रीतच आहे, आधी सोबतच्याला बाहेर बसवतात. ऐकताना माझी मान ताठ झाली. जणू काही ती माझीच विद्यार्थिनी होती. ती रीत ती कुठे शिकली, हे त्या बाकावर माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते आठवताच मान पुन्हा खाली गेली.

आमचा नंबर आला. तिनं ओळखलं, उठून उभी राहिली, बसा अप्पा म्हणाली. मग भावाला म्हणाली, “दादा, तू जरा बाहीर थांब.”

“कामून? मी काय परका हाव का?”

“परका असतास तर बसू दिलं असतं. जा बाहीर.”

ते हसत गेले. तिनं दार लोटलं, स्टूल माझ्याजवळ ओढलं, आणि स्टेथोस्कोप तळहातात चोळू लागली. केस थोडे पिकलेत तिचे. म्हणाली, पहिल्यांदाच भेटल्यासारखं विचारते, कागदावर सगळं यायला पाहिजे. खोकला, ताप, वजन विचारलं. मग तोच प्रश्न.

“अप्पा, पूर्वी टीबी झालता?”

“व्हय,” मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. सोलापूर, दीड वर्ष, सुया, दम्याचं निमित्त. तिनं एकही शब्द न वगळता लिहून घेतलं, जणू काही तिला हे आजच कळत होतं. मग तपासलं. तेच हात, आता अधिक सावकाश. म्हणाली, घाबरण्यासारखं दिसत नाही, थुंकी तपासून घेऊ, तोवर ह्या गोळ्या घ्या. चिठ्ठी लिहून झाली तरी पेन खाली ठेवलं नाही. माझ्याकडे बघत राहिली.

“आनखी काही सांगायचंय, अप्पा?”

दार बंद होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. तिनं पुरेसा वेळ दिला, बाहेर गर्दी असताना दिला. मी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि म्हणालो, “न्हाई.”

तिनं मान हलवली आणि भावाला आत बोलावलं.

दवाखान्यातून परत आल्यावर चार दिवसांनी मी लेकीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मला सांगून काय उपेग, आण्णा? जिला सांगायचं तिला सांगा.” तेव्हापासून दोनदा त्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन तसाच परत आलो. गोळ्या संपल्या नसताना गेलो, कारण बोलायचं एवढंच होतं: बाई, तू विचारलं होतंस. दोनदा विचारलं होतंस, आणि चांगलं विचारलं होतंस. मी खोटं बोललो, आधी तुझ्याशी आणि मग तुझ्याबद्दल. चूक माझी होती. मला माफ कर.